जाणाऱ्यांची तारीख

सप्टेंबरात माळावर पहिला धोबी पक्षी (वॅगटेल) उतरला की पक्षी बघणाऱ्यांच्या गटांत तासाभरात बातमी फिरते. कुठे दिसला, किती होते, फोटो आहे का, गेल्या वर्षी कधी दिसला होता. तोच धोबी चैत्रात निघून जातो तेव्हा कुणी काही बोलत नाही. एप्रिल सरता सरता कधीतरी लक्षात येतं की बरेच दिवस तो दिसलेला नाही. किती दिवस, असं कुणी विचारलं तर सांगता येत नाही.

येण्याची नोंद एका नजरेत होते. पक्षी दिसला, तारीख लिहिली, झालं. जाण्याची नोंद तशी होत नाही. आज दिसलेला पक्षी उद्या असेल की नसेल हे आज कळत नाही, त्यामुळे ‘शेवटचा दिसला तो दिवस’ नेहमी मागाहून ठरतो. तोही त्यानंतर आपण किती वेळा तिथे गेलो आणि तो न दिसता परतलो यावर ठरतो. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलअखेरपर्यंतचं महाराष्ट्रातलं पक्षीनिरीक्षण हे असं आहे. चिकाटीने ते करणारे थोडे, म्हणून या दिवसांतली घराजवळच्या ओढ्यावरची साधी नोंदही मोलाची.

आपल्या वेळापत्रकातही ही फट दिसते. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. फेब्रुवारीच्या मध्याला ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट या जागतिक पक्षीगणनेचे चार दिवस असतात. मग एकदम मे महिन्यात ग्लोबल बिग डे, जगभर एकाच दिवशी पक्षी नोंदवायचा दिवस. मधल्या दोन महिन्यांत परीक्षा, मार्चअखेरची कामं, लग्नसराई आणि वाढतं ऊन. दुर्बिणी कपाटात जातात आणि हिवाळी पाहुणे नेमके तेव्हाच निघतात.

ऊन वाढलं म्हणून ते जातात, असं सर्रास सांगितलं जातं. तयारीची सुरुवात मात्र उन्हाने होत नाही, ती दिवसाच्या लांबीने होते. पुण्याला डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस साधारण ११ तासांचा असतो आणि जूनमधला सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. फरक जेमतेम सव्वादोन तासांचा, पण पक्ष्याच्या मेंदूला तेवढा पुरतो. आपल्या ज्वारी-गव्हाच्या शेतांत हिवाळा काढणाऱ्या लाल डोक्याच्या भारिटांवर उत्तर भारतातल्या विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत पुष्कळ काम झालं आहे. पिंजऱ्यातल्या भारिटांना दिव्यांच्या उजेडाने लांब दिवस दाखवला, की ते अधाशासारखे खाऊ लागतात, अंगावर चरबी चढते, आणि एरवी झोपायच्या वेळी ते रात्रभर पिंजऱ्यात फडफडत राहतात. बाहेरचा ऋतू काहीही असो, उजेड वाढला एवढंच त्यांना पुरतं. तयारी उजेड सुरू करून देतो. नेमका निघायचा दिवस मात्र वारा, मिळणारं अन्न आणि अंगावर साठलेली चरबी मिळून ठरवतात. म्हणून ती तारीख दर वर्षी थोडी सरकते आणि म्हणूनच ती लिहून ठेवण्यात अर्थ आहे.

या दिवसांची सुरुवात करायला भोरडीइतका सोयीचा पक्षी दुसरा नाही. पळस मैना, गुलाबी मैना या तिच्याच ओळखी. मध्य आशियाच्या गवताळ मुलखात टोळांच्या भरवशावर पिल्लं वाढवायची आणि वर्षाचा मोठा भाग आपल्याकडे काढायचा, असं हिचं जगणं. ऑगस्टपासूनच थवे यायला लागतात आणि एप्रिलमध्ये परततात. हिवाळाभर ज्वारीच्या कणसांवर हिची धाड असते, शेतकरी गोफण घेऊन मागे असतो. मग काटेसावर, पांगारा आणि पळस एकामागून एक फुलतात, आणि शिमग्याच्या आसपास सगळे थवे त्या निष्पर्ण लाल झाडांवर येतात. मधाने भरलेली फुलं ही त्यांची शिदोरी.

पळसाखाली सकाळी सात ते साडेनऊ थांबावं. झाडापासून तीस-चाळीस पावलं दूर आणि ऊन आपल्या पाठीशी असेल असं बसावं. भोरडी फुलावर उलटी लटकून चोच आत घालते, आणि डोकं बाहेर काढते तेव्हा कपाळावरची पिसं परागांनी पिवळी झालेली असतात. नवशिक्याला ती पिवळ्या कपाळाची वेगळीच मैना वाटते. चोचीकडे नीट बघावं. हिवाळ्यात मळकट तपकिरी असलेली चोच आता गुलाबी झालेली असते आणि बुडाशी काळी. अंगावरचा मळका तपकिरी रंगही गेलेला असतो. पाठ-पोट स्वच्छ गुलाबी, डोकं-गळा-पंख चकाकते काळे, नराच्या डोक्यावर लांब शेंडी.

हा बदल कसा होतो हे कळलं की बाकीच्या पक्ष्यांकडे बघायची नजर बदलते. भोरडीने नवी पिसं घातलेली नसतात. हिवाळ्याआधी आलेल्या पिसांची टोकं फिक्या तपकिरी रंगाची असतात आणि आतला भाग गुलाबी किंवा काळा. चार-सहा महिन्यांत ती टोकं झिजून जातात आणि आतला रंग उघडा पडतो. थिरथिऱ्याच्या नराचंही तसंच. नोव्हेंबरात करडट दिसणारा त्याचा गळा-छाती मार्चमध्ये गडद काळी दिसते ती झिजेमुळे. याउलट धोबी आणि चिखले, पाणटिवळे, तुताऱ्या हे चिखलात चरणारे पक्षी निघण्याआधी अंगावरची पिसं खरोखर टाकतात आणि नवी आणतात. पंखांची मोठी उड्डाणपिसं मात्र बहुधा तशीच ठेवतात, कारण पुढे लांबचा पल्ला असतो. झिजणारा पक्षी हळूहळू आणि सगळीकडे सारखा बदलतो. पिसं टाकणारा पक्षी मधल्या काळात ठिगळं लावल्यासारखा दिसतो. मार्चमध्ये ‘काहीतरी दुर्मीळ दिसलं’ म्हणून जे फोटो फिरतात, त्यांतले बरेचसे या ठिगळांच्या अवस्थेतले नेहमीचेच पक्षी असतात. अशा वेळी रंग बाजूला ठेवून चोचीची लांबी, पायांचा रंग, पंखांवरचे पट्टे आणि आवाज यांवरच ओळख ठरवावी.

पिवळ्या धोब्यांसाठी तर मी म्हणेन की हेच दिवस राखून ठेवावेत. जानेवारीत ते सगळे सारखेच दिसतात: वरून हिरवट करडे, खालून मळकट पिवळे. उपजात सांगायचा प्रयत्न तेव्हा करूच नये. फेब्रुवारी संपताना नरांच्या डोक्यावर नवी पिसं येऊ लागतात आणि मार्चच्या मध्यापर्यंत डोकी वाचता येतात. एखाद्या शेतात दारं धरलेलं असेल, घासाच्या नाहीतर कांद्याच्या वाफ्यात पाणी शिरत असेल, तिथे बांधावर गुपचूप बसावं. पाणी भेगांत शिरलं की किडे वर येतात आणि धोबी पाण्याच्या पुढे पुढे धावत राहतात. शेतकरी खोरं घेऊन शेजारी उभा असला तरी ते बिचकत नाहीत. आपण मात्र दुर्बीण रोखून चालत गेलो की उडतात. म्हणून आधी बसावं आणि पाणी आपल्याकडे येऊ द्यावं.

आता डोकी बघायची. कपाळापासून मानेपर्यंत आणि गालावरही कुळकुळीत काळं, भुवई नाही: हा काळ्या डोक्याचा, तुर्कस्तानच्या बाजूपासून मध्य आशियापर्यंत घरटं करणारा. गडद पाटीसारखं करडं डोकं, कानाशी जवळजवळ काळं, भुवई नसलेला किंवा नावापुरती असलेला: हा उत्तरेकडचा, स्कँडिनेव्हिया ते सायबेरियाच्या पट्ट्यातला. फिकं निळसर करडं डोकं आणि ठसठशीत पांढरी भुवई: रशिया-कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातला. आणि डोकंच पिवळं असलेला: तो व्होल्गेच्या खालच्या भागापासून कझाकस्तानकडचा. कांद्याच्या एका वाफ्यात इतक्या दूरदूरच्या मुलखांतले नर शेजारी शेजारी किडे टिपत असतात, आणि महिन्याभरात प्रत्येक जण आपापल्या दिशेने निघून जातो.

घोळ होतो तो शेवटच्या पिवळ्या डोक्याशी. कारण पिवळ्या डोक्याचा धोबी ही वेगळी जातही आपल्याकडे असते, विशेषतः तळ्याकाठच्या चिखलात आणि पाणवनस्पतींवर. तिची पाठ करडी किंवा काळी असते, पंखांवर दोन रुंद पांढरे पट्टे असतात, आणि नराच्या मानेवर पिवळ्याच्या मागे काळी पट्टी येते. पिवळ्या धोब्याची पाठ हिरवट असते आणि पंखांवरचे पट्टे बारीक, पिवळसर. फोटो काढायचा तर तीन काढावेत: चेहरा बाजूने, पाठ, आणि मिटलेला पंख. नुसत्या समोरून काढलेल्या पिवळ्याधमक फोटोवरून खात्रीने काहीच ठरत नाही. माद्यांच्या आणि पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लांच्या बाबतीत ‘पिवळा धोबी, उपजात अनिश्चित’ असं लिहिणं हीच प्रामाणिक नोंद.

पिसांइतकीच बघण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे पोट. प्रवासाचं इंधन चरबी. एक ग्रॅम चरबीतून पिठूळ पदार्थांच्या दुपटीहून जास्त ऊर्जा मिळते आणि ती साठवायला सोबत पाण्याचं ओझं लागत नाही. लहान पक्षी निघण्याआधीच्या काही आठवड्यांत वजन खूप वाढवतात, काही जाती तर जवळजवळ दुप्पट करतात. हे दुर्बिणीतूनही कळतं. चिखलपक्षी बाजूने उभा असताना पायांपासून शेपटीच्या बुडापर्यंतची पोटाची रेघ बघावी. आत गेलेली, सरळ, बाहेर आलेली, की लोंबणारी? जानेवारीत पाणटिवळ्याची ती रेघ सरळ असते. मार्चअखेरीला, छाती-गळा विटकरी झालेल्या त्याच पक्ष्याचं पोट शेपटीखाली गोल उतरतं. अंग फुगवून बसलेला किंवा वाऱ्यात उभा असलेला पक्षी यासाठी धरू नये, तो नुसता जाड दिसतो. थव्यातले बहुतेक पक्षी गोलमटोल झाले आणि वारा अनुकूल झाला की ती जागा दोन-तीन दिवसांत रिकामी होऊ शकते, हे समजून भेटी वाढवाव्यात.

बाकचोच तुतारीचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखं आहे. मुंबईच्या खाड्यांवर हिवाळा काढणारा हा मुठीएवढा पक्षी घरटं करतो ते थेट सायबेरियाच्या उत्तर टोकाला, आर्क्टिकच्या टुंड्रात. अंतर सरळ रेषेत सहा हजार किलोमीटरच्या घरात. एप्रिलमध्ये तिचं पोट, छाती, चेहरा लालभडक विटकरी होतो आणि ती ओहोटीच्या चिखलात चोच खुपसत चरत राहते. त्या चरण्यातला प्रत्येक तास पुढच्या वाटेवर खर्च व्हायचा असतो.

म्हणून पक्षी उडवून फोटो काढण्याबद्दल मला कळकळीने सांगावंसं वाटतं. उजनीच्या फुगवट्यावर भिगवण, डिकसळ, कुंभारगाव इथे होडीतून पक्षी बघता येतात, आणि तिथल्या नावाड्यांची पक्ष्यांची जाण चांगली आहे. पण ‘उडतानाचा फोटो हवा’ असा आग्रह होडीत बसलेला माणूसच धरतो. एका सकाळी दहा होड्यांनी एकच थवा दहादा उठवला, तर त्या पक्ष्यांचं चरणं दहादा थांबतं आणि साठवलेली चरबी जाग्यावरच जळते. हिवाळ्यात तो तोटा पुढच्या आठवड्यात भरून निघू शकतो. मार्चअखेरीला भरून काढायला दिवसच उरलेले नसतात. नावाड्याला आधीच सांगावं की लांबूनच इंजिन बंद करा आणि बांबूने होडी न्या. पक्ष्यांनी माना वर केल्या, चरणं थांबवलं, सगळे एकाच दिशेला चालू लागले, की तिथेच थांबावं. त्या खुणेच्या पुढे नेलेली होडी त्यांना उडवणारच.

उजनीला पाण्याची पातळी हा वेगळाच विषय आहे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचं पाणी हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत शेतीला सोडलं जातं. पाणी उतरतं तसा गाळाचा काठ उघडा पडतो आणि रोहित पक्षी, शेकाटे, पाणटिवळे, टिलवे त्या काठाबरोबर सरकत राहतात. ज्या वर्षी धरण तुडुंब असतं त्या वर्षी काठ उशिरा उघडतो आणि पक्षीही उशिरा जमतात. त्यामुळे एका जागी पक्षी कमी झाले म्हणजे ते उत्तरेला गेले असं लगेच लिहू नये. पाणी चार किलोमीटर मागे गेलं असेल आणि पक्षीही. प्रत्येक भेटीत पाण्याची रेघ कुठल्या खुणेपाशी आहे, म्हणजे बुडालेलं देऊळ, विजेचा खांब, बाभळीची रांग यांपैकी कशापाशी, ते वहीत लिहिलं की पुढे हा घोळ होत नाही.

पट्टकादंब मात्र सगळ्यांत आधी निघणाऱ्यांपैकी. डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे असलेले हे राखी हंस आपल्याकडे धरणांच्या काठी राहतात आणि हरभरा-गव्हाच्या शेतांत चरतात. मार्चमध्ये बघता बघता त्यांची संख्या घटते. जायचं असतं तिबेट, मंगोलिया, लडाखकडे, आणि मधे हिमालय. उपग्रहाशी जोडलेल्या यंत्रांनी त्यांची उड्डाणं सात हजार मीटरच्याही वर नोंदवली आहेत. पण वाटेतला बहुतेक वेळ ते त्यापेक्षा बरेच खाली, जमिनीच्या चढउताराला धरून उडतात. हवा थंड आणि दाट असते अशा रात्रीच्या किंवा पहाटेच्या वेळी चढ चढणं त्यांना परवडतं. शिखरांवरून सरळ रेषेत उडणाऱ्या हंसांचं चित्र लोकांना आवडतं, पण इंधन जपून वापरणारा हा शहाणा प्रवासी मला जास्त थोर वाटतो.

उजनीसारख्या उघड्या पाण्यावर मार्चमध्ये सगळ्यांत मोठी अडचण उष्ण हवेच्या लाटांची. साडेनऊनंतर चिखलावरची हवा थरथरू लागते आणि टेलिस्कोपमधून पक्ष्याची कडच हरवते. अशा वेळी मोठेपणा वाढवण्याचा मोह होतो, आणि तो चूक असतो. २०-६० पटीचा टेलिस्कोप असेल तर तो २० ते २५ वरच ठेवावा. मोठेपणा वाढवला की थरथरही तितकीच वाढते. शक्य असेल तर बांधावर, टेकाडावर चढून बघावं, कारण थरथर जमिनीलगत सर्वांत जास्त असते. दुर्बीण ८×४२ ची पुरेशी. १० पटीची हात हलल्यावर जास्त हलते आणि तिच्यात जागा कमी मावते. खरा उपाय एकच, उजाडायच्या आत पोचायचं आणि बारकाईचं काम नऊच्या आत आटपायचं.

किनाऱ्यावर उन्हापेक्षा पाण्याची वेळ महत्त्वाची. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब आजही कामाला येतो: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. सकाळी आणि रात्री दोन्ही वेळा हाच आकडा, शुद्ध आणि वद्य पक्षांतही हाच. मुंबईच्या आसपास अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने तो जुळतो. खाडीत आत गेलं की भरती उशिरा पोचते. ओहोटीला पक्षी दूर चिखलात विखुरलेले असतात आणि मोजता येत नाहीत. भरतीच्या साधारण दोन तास आधी पोचावं, म्हणजे चढतं पाणी त्यांना हळूहळू काठाकडे आणतं. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, पाणी पार तिवरांपर्यंत येतं आणि पक्षी मिठागरांत, बांधांवर दाटीने उभे राहतात. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती कमी चढते तेव्हा, थोडा चिखल उघडाच राहतो.

यात उजेडाचीही सांगड घालावी लागते. ठाणे खाडीच्या पूर्व काठाला, ऐरोलीच्या बाजूला, सकाळचं ऊन पाठीवर येतं. तिथे एकादशी-द्वादशीची सकाळ चांगली. शिवडीचा काठ पूर्वेकडे तोंड करून असल्याने सकाळी सगळे पक्षी काळ्या आकृत्या दिसतात. तिथे दुपारी, चतुर्थी ते षष्ठीच्या भरतीला जावं. ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेली. पण तिथे जाणाऱ्या बहुतेकांच्या नजरा गुलाबी रंगावर खिळतात. त्या गुलाबी पायांच्या मध्ये चरणारे चिखले आणि तुताऱ्या एप्रिलमध्ये रंगात आलेल्या असतात, त्यांच्याकडे जरूर बघावं.

कुरव (सीगल) पक्ष्यांची डोकीही याच दिवसांत भरतात. डोळ्यामागचा काळा ठिपका जाऊन पूर्ण टोपरं येतं. तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव यांत टोपऱ्याच्या रंगावर जाऊ नये, काळ्या डोक्याच्याचं टोपरंही खरं तर गडद तपकिरीच असतं. पूर्ण वाढलेल्या पक्ष्यात डोळा बघावा: तपकिरी डोक्याच्याचा फिका, काळ्या डोक्याच्याचा गडद. उडताना पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठळक ठिपके दिसले तर तो तपकिरी डोक्याचा. जेट्ट्यांवर लोक त्यांना गाठ्या-फरसाण टाकतात. तळलेलं, खारट पीठ हे लांबच्या प्रवासाला निघालेल्या पक्ष्याचं खाणं नव्हे. ते टाकू नये.

प्रत्यक्ष निघण्याचा क्षण बघायला मिळणं दुर्मीळ, पण अशक्य नाही. चिखलपक्षी बहुधा संध्याकाळी, सूर्यास्ताच्या आधीच्या तास-दोन तासांत निघतात, आणि किनाऱ्यावर अनेकदा चढत्या भरतीला. एप्रिलमध्ये षष्ठी ते अष्टमीच्या संध्याकाळी, वारा दक्षिणेकडून किंवा पडलेला असताना, चार वाजल्यापासून बसावं. थवा एकत्र गोळा होतो, आवाज वाढतो, थोडे पक्षी उठतात आणि परत बसतात. असं दोन-तीनदा होतं. मग एक गट उठतो आणि चरायला जाताना उडतात तसा पाण्यालगत न उडता वर वर चढतो, घिरट्या घालतो, हळूहळू रांग धरतो आणि उत्तरेकडे लहान होत जातो. दुर्बीण खाली घेण्याआधी संख्या, वेळ, दिशा, वारा आणि पाण्याची स्थिती टिपून घ्यावी. वटवटे, भारीट असे लहान पक्षी अंधार पडल्यावर निघतात, त्यांचं जाणं दिसत नाही. गरुड आणि भोवत्ये यांना वर चढणारी गरम हवा लागते, म्हणून ते सकाळी नऊ-दहानंतर घिरट्या घेत उंच जाताना दिसतात.

लहान वटवट्यांच्या बाबतीत कान जास्त उपयोगी. हिवाळाभर नुसतं ‘चक् चक्’ करणारा ब्लिथचा वेळू वटवट्या एप्रिलमध्ये घाणेरीच्या जाळीत बसून सावकाश, प्रत्येक लकेर पुन्हा पुन्हा घोळवत गाऊ लागतो, त्यात दुसऱ्या पक्ष्यांच्या नकलाही असतात. शंकर पक्षीही निघण्याआधी असंच पुटपुटतो. इथे गाण्याचा इथल्या जागेशी संबंध नाही, ती पुढच्या हंगामाची तयारी आहे. फोनवरची आवाज ओळखणारी ॲप या नकलांनी सहज फसतात आणि एका झुडपातून पाच जाती सांगतात. आवाज करणारा पक्षी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांतली एकही लिहू नये.

आता वहीकडे. जाण्याची तारीख काढायची तर एकच जागा निवडावी, शक्यतो घरापासून चालत वीस मिनिटांत पोचता येईल अशी. तळं, ओढा, बंधारा, कॉलेजचं मैदान, काहीही चालेल. फेब्रुवारीच्या १५ तारखेपासून मेच्या १० तारखेपर्यंत आठवड्यातून तीनदा, एकाच वेळी, एकाच वाटेने, तीस मिनिटं. दिसलेली-ऐकलेली प्रत्येक जात लिहायची, कावळा आणि साळुंकीसुद्धा, आणि संख्या घालून. पूर्ण यादीत धोब्याचं नाव नाही, म्हणजे शोधूनही तो सापडला नाही, असा अर्थ निघतो. निवडक पक्ष्यांच्या यादीतून तो निघत नाही. देशात २००७ मध्ये मायग्रंटवॉच हा स्थलांतरी पक्ष्यांच्या नोंदींचा उपक्रम सुरू झाला तेव्हा त्यात पहिली आणि शेवटची तारीख मागितली जाई. आज ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर वेळ, अंतर आणि पूर्ण यादी दिली तर हे ‘नाही’ आपोआप नोंदलं जातं.

फक्त रविवारी गेलं तर तारीख सात दिवसांपर्यंत चुकते, आणि अनेक वर्षांत जो फरक शोधायचा असतो तो त्याहून लहान असू शकतो. दुसरी अडचण अशी की मार्चमध्ये दिसणारा धोबी हिवाळाभर इथे राहिलेलाच असेल असं नाही. आपला आधीच गेलेला असतो आणि दक्षिणेतून वर निघालेला दुसरा दोन दिवस त्याच वाफ्यात उतरलेला असतो. म्हणूनच कधी कधी संख्या घटत घटत मार्चच्या शेवटी एकदम वाढते. ती वाढ चूक समजून खोडू नये. भिवई बदकांचे थवे तर परतीच्या या दिवसांतच मोठे दिसतात. कुठला पक्षी कुठून आला हे नक्की सांगणारी गोष्ट म्हणजे पायातलं कडं किंवा रंगीत पट्टी. ती दिसली तर पक्ष्याचा स्वतःचा उजवा पाय की डावा, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, रंगांचा क्रम वरून खाली, आणि अक्षरं, एवढं लिहून फोटोसह बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावं. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने देशात पक्ष्यांना कडी घालण्याचं काम अनेक दशकं केलं आहे.

झाडांना पालवी फुटली की पक्षी असूनही दिसत नाहीत, हेही विसरू नये. एप्रिलमध्ये पिंपळ-वडाच्या नव्या पानांत हिरवट वटवट्या सहज हरवतो. तो नाही असं म्हणण्याआधी पाच मिनिटं त्याच्या ‘चिसवीट’ आवाजाची वाट बघावी. आणि शेवटची नोंद झाली असं वाटल्यावर आणखी किमान चार भेटी रिकाम्या गेल्याशिवाय तारखेखाली रेघ मारू नये.

मग जूनमध्ये, पाऊस लागण्याच्या सुमाराला, त्याच काठावर एखादा मळकट पाणटिवळा दिसतो. हा उशिरा निघणारा प्रवासी नसतो. गेल्या वर्षी जन्मलेले बरेच चिखलपक्षी पहिल्या उन्हाळ्यात परत जातच नाहीत, इथेच थांबतात. त्यांची पिसं झिजलेली असतात आणि अंगावर विटकरी रंग नसतो किंवा अगदी थोडा असतो. रोहित पक्ष्यांचा हिशेबही वेगळा. ते पावसाच्या तोंडाशी मुंबई सोडतात आणि त्यांतले कितीतरी कच्छच्या रणाकडे जातात, त्यांचं वेळापत्रक उत्तरेच्या वसंताशी बांधलेलं नाही. त्या दोघांनाही जाणाऱ्यांच्या तक्त्यात घालू नये. वहीत त्यांच्यासाठी वेगळं पान ठेवावं आणि पाणटिवळ्याच्या नोंदीपुढे पिसांची अवस्था लिहावी, म्हणजे पुढच्या वर्षी एप्रिलची खरी शेवटची तारीख जूनच्या या नोंदीत मिसळणार नाही.